रेहानाबाईंचे नवे ब्रेक

मिरजेच्या रेहानाबाई मुल्लांना एकदा तरी नवऱ्याच्या रेसिंग सायकलवरून आंबा घाट उतरायचा होता. दस्तगीर दर हिवाळ्यात तो उतरायचे आणि घरी येऊन त्यांना एकेक वळण सांगायचे. दस्तगीरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. रेहानाबाईंनी रिमवर दाबणारे झिजलेले ब्रेक काढून नवे दणकट बसवले, केबलीही बदलल्या. वाकड्या हँडलवरची पट्टी मात्र तशीच ठेवली, कारण ती दस्तगीरांच्या तळव्यांनी गुळगुळीत झाली होती.

यंदा त्या सायकल क्लबच्या सहलीत सामील झाल्या. घाटाच्या तोंडाशी क्लबचे अध्यक्ष शिंत्रेसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, चाळीस वर्षांच्या सांगाड्याला नवे ब्रेक कशाला? भंगारात द्या ती!"

रेहानाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, गेल्या वर्षी तुमच्या हृदयाची झडप बदलली. तुम्ही तर हिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. डॉक्टरांनी तुम्हाला भंगारात काढलं का?"

हशा पिकला. साहेबांचा हात नकळत छातीकडे गेला. त्यांनी स्वतः ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाले, "चला."

पहिल्याच वळणावर रेहानाबाई थांबल्या आणि दरीकडे बघत राहिल्या. मागचे हाका मारू लागले.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या, "मला इथे जरा वेळ लागेल."