हो म्हणवणारा डोंगर

एकदा काय झालं, एका माळावर धनगराचं बिऱ्हाड उतरलं. शिरा रे पांघरुणात नीट. हुंकार द्या, पण मनातनं आला तरच द्या बरं का. का ते पुढं कळंल.

तर बिऱ्हाडात आई, दोन भाऊ आणि एक बहीण. थोरला लखू. त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. कुत्र्यानं नुसतं बघितलं, की आपली भाकर त्याला देऊन हा उपाशी. मधला धुळू. त्याला एकटं पडायची भीती. चौघं हसली की हाही हसायचा, आणि मग हळूच विचारायचा, "कशाला हसलो रे आपण?" धाकटी बाणू. तिला स्वतःचंच खरं वाटायचं नाही. कुणी दुधाला ताक म्हटलं, तर म्हणायची, "असंल बाई. माझंच चुकत असंल."

आता मेंढरांची रीत ऐका. कळपाच्या पुढं एक बोकड असतो, त्याच्या गळ्यात घंटा. घंटा वाजंल तिकडं मेंढरं जातात. कुठं, कशाला, विचारत नाहीत. लहान कोकरं तेवढी घरी, जाळीच्या कुंपणात. संध्याकाळी आया परत आल्या, की पितात.

एके दिवशी लखू आणि धुळूनं कळप एका नव्या डोंगराकडं नेला. डोंगराला हे एवढं भगदाड. आतनं घंटा वाजली. इतकी गोड, की वारासुद्धा थांबला. बोकड आत गेला, त्याच्यामागं सगळी मेंढरं. मग डोंगर बोलला.

"लखूदादा, तुझ्यासारखा भला माणूस नाही. आमचं मन मोडणार नाहीस. येतोस ना?"

लखू म्हणाला, "येतो." गेला आत.

"धुळू, सगळे आत आले. तूच एकटा बाहेर. येतोस ना?"

धुळू पळतच आत गेला.

इकडं दिवस कलला. कोकरं भुकेनं ओरडायला लागली. कळप गेला होता त्या डोंगराकडं आईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाणू, हा तर हो म्हणवणारा डोंगर! चांदणी उगवली की ह्याचं तोंड मिटतं. मग आतलं कुणी आजवर बाहेर आलेलं नाही."

"आये, मी जाते."

"तू? तुला तर कुणीही फिरवतं पोरी."

"हो गं. पण तुझा पाय मुरगळलाय. दुसरं कोण आहे?"

मग बाणू निघाली. दोन दिवसांचं एक कोकरू गप्पच राहीना, त्याला तिनं खांद्यावर घेतलं.

डोंगरात शिरली, आणि बघतच राहिली. आत दुसरं आभाळ होतं! सोन्यासारखा उजेड, आणि त्या उजेडात हजारो माणसं, हजारो मेंढरं गोल गोल चालत होती. कुणाची पागोटी शंभर वर्षांपूर्वीची. कुणाच्या दाढ्या गुडघ्यापर्यंत. जो तो पुढच्याच्या पाठीकडं बघून चालला होता. आणि सगळ्यांच्या पुढं? पुढं कुणीच नव्हतं. गोलाला पुढं कुठलं असायला? वर आभाळात एक घंटा आपली आपण हलत होती. एवढी माणसं, पण घंटा आणि पावलं सोडली तर आवाज नाही.

त्यातच लखू. त्यातच धुळू. बाणूनं हाका मारल्या. कुणी मान वळवली नाही.

डोंगर हळूच म्हणाला, "बाणू, एवढे सगळे चालतायत. एवढे सगळे चुकतील का?"

"नाही बा," बाणू म्हणाली. तिचा एक पाय उचलला.

"मग तुझंच चुकत असंल. हो ना?"

"हो," बाणू म्हणाली. दुसरा पाय उचलला. भगदाडातनं दिसणारं आभाळ काळं होत चाललं होतं.

तेवढ्यात खांद्यावरचं कोकरू ओरडलं. बें!

आणि काय सांगू लेकरांनो, त्या हजारो पावलांत चार पावलं थांबली. एक म्हातारी मेंढी. तिनं घंटेकडं बघितलं नाही, शेजारणीला विचारलं नाही. नाक वर केलं आणि बाणूपाशी आली. बाणूनं कोकरू खाली ठेवलं, तसं मेंढीनं त्याला हुंगलं. आपलंच. मग पान्हा सोडला.

बाणूच्या मनात आलं, ही मेंढी जन्मभर दुसऱ्यामागं चालली. पण स्वतःचं लेकरू कुठलं, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही.

डोंगर पुन्हा म्हणाला, "हो ना, बाणू?"

"थांब," बाणू म्हणाली. "मला लवकर कळत नाही. आधी बघू दे."

डोंगराला थांब कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

मेंढी वाटेतच पाजत उभी, म्हणून मागची तिच्यावर आदळली. तिच्यावर मागचा. एक म्हातारा ओरडला, "अरे, चाललोय कुठं आपण?" धुळू म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे!" लखूनं घंटेकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "नाही. मी येत नाही." घंटा खाली पडली आणि मातीच्या सुगडासारखी फुटली.

मग काय! सगळे भगदाडाकडं धावले. शेवटचं शेपूट बाहेर पडलं, आणि चांदणी उगवली. डोंगर मिटला.

त्या संध्याकाळी कोकरं पोट फुटेस्तोवर प्याली. शंभर वर्षांपूर्वीची माणसं शेकोटीशी बसून भाकरी खात होती आणि एकमेकांची नावं विचारत होती. आईनं बाणूला जवळ घेतलं. पुढं बाणूला कुणी "हो ना?" म्हटलं, की ती हसून म्हणायची, "थांबा, आधी हुंगते." सगळी सुखात राहिली.

आता मी झोपा म्हणतोय म्हणून झोपू नका हं. डोळ्यांना विचारा. काय म्हणतात?

हुंकार थांबला. म्हणजे डोळ्यांनी सांगितलं.