मोटारीचं नाक आणि राजांचे कान

"आवाजच नाही, तर वेग कसला?" असं म्हणत कुंभारगडच्या उदाजीराजांनी मोटारीतला कंपनीचा काळा डबा काढून फेकायला लावला, तेव्हा केरबा ड्रायव्हरनं तो उचलून मोटारखान्यात जपून ठेवला.

हा डबा म्हणजे मोटारीचं नाक. त्याची नळी थेट पुढच्या जाळीपर्यंत जायची, बाहेरचा गार वारा ओढायची, धूळ गाळून इंजिनाला द्यायची. सगळं गुपचूप! आणि दरबारात गुपचूप काम करणाऱ्याला कोण विचारतो? त्याच्या जागी आला चकचकीत पितळी शंकू. बाबुराव धारकर नावाच्या मोटारसामानाच्या व्यापाऱ्यानं तो विलायतेहून आणला होता. हा शंकू तापल्या इंजिनाला खेटून बसायचा, तिथलीच गरम हवा ओढायचा आणि असा गरजायचा, की पागेतली घोडी दावी तोडायची.

"वाघ आहे, वाघ!" राजे खूश झाले. दरबारी त्यांच्याहून खूश. खजिनदार म्हणाले, आपल्याला तर नुसत्या आवाजानंच चक्कर आली. दिवाणसाहेबांनी असाच एक शंकू चक्क आपल्या टांग्याला लावून घेतला! घोड्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

केरबा तेवढा बोलून बसला. "सरकार, सपाटीला काय फरक न्हाई. पर उन्हात घाट चढताना गाडी दम सोडतीया. डबाच बरा हुता."

"म्हणजे आम्ही मूर्ख?" राजे कडाडले. "सिद्ध कर! घड्याळ चालणार नाही, घड्याळं खोटी असतात. साक्षीदार नकोत, ते तर त्याहून खोटे. डबा बरा, हे उद्या दिवस मावळायच्या आत आमच्याच तोंडून वदवून दाखव! नाही जमलं, तर मोटारखान्यामागची खोली रिकामी कर आणि परवापासून गावच्या कचऱ्याची रेड्याची गाडी हाक!"

आता उदाजीराजांनी चूक कबूल केल्याचं संस्थानात कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदा ते भलत्याच लग्नात जाऊन बसले, तर उठायच्या ऐवजी त्यांनी नवरदेव बदलायचा हुकूम सोडला होता! केरबा घरी आला आणि घडलेलं सांगत गाठोडं बांधू लागला. त्याची लेक सगुणा वाड्याच्या भटारखान्यात चुली सांभाळायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, गाठुडं सोडा. चुलीला त्वांड लावून कुनाला दम घेता येतोय व्हय? त्यो शंकू तेच करतोय. राजांचं मी बघते."

सकाळी ती दरबारात हजर! "सरकार, म्हसोबाची खिंड दोनदा चढायची. एकदा शंकू लावून, एकदा डबा लावून. पयल्यांदा काय लावलंय, ते तुमास्नी सांगायचं न्हाई. डोळ्यांवर फेटा आन् कानांत कापसाचं बोळं!"

"आणि वेळ कोण मोजणार? घड्याळ नको म्हटलं ना!"

"तुमचीच जपमाळ की, सरकार! रोजच्या चालीनं जप करा. घड्याळ खोटं बोलंल, देवाचं नाव कसं बोलंल?"

राजांचा हात माळेकडं गेला. जपावर अविश्वास दाखवायचा कसा? धारकर मात्र चुळबुळला. "सकाळच्या गारव्यातच उरकून घेऊ, सरकार."

"का वं, शेठ? तुमचा वाघ उन्हात डरकाळत न्हाई व्हय?"

"दुपारीच जायचं!" राजे ओरडले.

ऐन चैत्रातली दुपार. लबाडीचा संशय नको म्हणून पहिल्या फेरीला शंकू धारकरानं स्वतःच्या हातानं बसवला. तो आणि दिवाणसाहेब मागं बसले, सगुणा बापाशेजारी. राजे आधीच डोळे बांधून, कान बुजवून बसले होते, ते जप करू लागले. मोटार गरजत निघाली. पण अर्ध्या चढावर तिला धाप लागली आणि ती रडतखडत कशीबशी माथ्यावर पोचली.

"सहा माळा आणि वर सतरा मणी!" राजे गरजले. "हाच तुझा डबा, केरबा! म्हाताऱ्या म्हशीचं नाक! ज्यानं हा मोटारीत बसवला, त्याला उलटा टांगा!"

"सरकार! सरकार, जरा थांबा!" धारकर मागून किंचाळला. पण राजांच्या कानात कापूस! जन्मभर माना डोलावणाऱ्या दिवाणसाहेबांना आज प्रथमच कळेना, मान उभी हलवायची की आडवी.

खाली येऊन डबा बसवला. मोटार मुकाट्यानं निघाली आणि खिंड चढून गेली.

"पाच माळा, चार मणी!" राजे उडालेच. "हा आमचा शंकू! पाठ गादीला चिकटली! अरे, कापसातूनसुद्धा डरकाळी ऐकू येत होती! यापुढं मोटारीत हाच राहणार! दुसरं नाव काढील त्याची खैर नाही!"

सगुणानं त्यांचे बोळे काढले, फेटा सोडला आणि बॉनेट उघडलं. आत काळा डबा! शंकू धारकराच्या मांडीवर, कोटाखाली लपवलेला.

दिवाणसाहेब धारकराच्या आड सरकले. केरबानं तर डोळेच मिटून घेतले.

"मग ती डरकाळी?" राजांनी हळू आवाजात विचारलं. "आम्हाला तर ऐकू आली!"

"येनारच की, सरकार! शंकूचा वेग चाकापत्तुर कवा पोचलाच न्हाई, त्यो तुमच्या कानातच पळत हुता. म्हनून तर म्या आधी कान बुजवलं!"

राजांनी डब्याकडं पाहिलं, शंकूकडं पाहिलं, मग हातातल्या माळेकडं पाहिलं. आणि असे हसले, असे हसले, की खिंडीतली माकडं पळाली! "पोरी, आमच्याच माळेनं आमचा गळा आवळलास! केरबा, गाडी तुझीच, खोलीही तुझीच. आणि मोटारखान्याच्या किल्ल्या आजपासून सगुणाच्या कमरेला!"

"पर सरकार," सगुणा म्हणाली, "रेड्याच्या गाडीला मानूस लागतोय न्हवं?"

"आहे की!" राजे धारकराकडं वळले. "शेठ, उद्यापासून कचरा तुम्ही न्यायचा. शंकू लावून घ्या. आवाज आला, की आम्ही समजू, सुसाट निघालात!"

सगळ्यांत मोठ्यानं हसले दिवाणसाहेब. आणि खाली उतरताच कुणाला न सांगता टांग्याचा शंकू सोडवायला धावले.