उसना थाट

डोंगराच्या कुशीत कातळगाव नावाचं एक छोटं गाव होतं. तिथले पाटील हैबतराव. माणूस प्रेमळ, कुणाच्याही अडचणीला धावून जाणारा. खोड एकच. पाहुणा आला, की त्याच्यावर आपली छाप पडलीच पाहिजे, असं त्यांना वाटे.

गावाच्या वाटेवर एक ओढा होता. उन्हाळ्यातही त्याला गुडघाभर पाणी असे. पावसाळ्यात तर तो असा फुगे, की गावात येणं-जाणंच बंद होई. गेल्या श्रावणात सुईण ओढ्यापलीकडे अडकली आणि पाटलांच्या सुनेचं बाळंतपण शेजारणींनी कसंबसं पार पाडलं. बाळ-बाळंतीण वाचली, पण गावाने धसका घेतला. पाटलांनी राणीकडे अर्ज केला, "आम्हांला पूल हवा."

राणी गुणवंतेकडे असे अर्ज पुष्कळ आले होते. यंदा मात्र एकच पूल बांधता येणार होता. तिने कळवलं, "मी प्रत्येक गाव डोळ्यांनी पाहीन, मग ठरवीन."

पाटील लगेच कामाला लागले. सोयऱ्यांकडून गालिचे आणले. चांदीची ताटं आणली. शेजारच्या वाडीतले धष्टपुष्ट बैल आणून दारात बांधले.

पाटलीणबाई सगुणा म्हणाल्या, "अहो, राणीसाहेबांना ओढा दाखवायचाय की गालिचे?"

"गाव भिकारडं दिसलं, तर आपल्याला विचारील कोण?" पाटील म्हणाले.

राणी आली. गावाची गैरसोय पाहुणीच्या नजरेस पडू नये, म्हणून ओढ्याजवळ येताच पाटलांनी "ऊन फार आहे" म्हणत पालखीचे पडदे सोडले. ढोल-ताशे वाजू लागले. भोयांनी पालखी उंच धरून झटकन पलीकडे नेली. राणीच्या पायाला थेंबही लागला नाही.

चांदीच्या ताटात जेवण झालं. राणी प्रसन्न दिसत होती.

"पाटील, इतकं सुखी गाव मी या दौऱ्यात पाहिलं नाही," ती म्हणाली. पाटलांची छाती फुगली. "तेव्हा माझं ठरलं. पूल मी दुसऱ्या एखाद्या गावाला देते. तुम्हांला इथे कशाची कमी आहे?"

आता पाटील गप्प बसले, तर त्यांची इभ्रत राहणार होती. पण दारात सून तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती. पाटलांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची भरजरी पगडी उतरवून खाली ठेवली.

"राणीसाहेब, ही पगडी माझी नाही. व्याह्यांची आहे. ताटं, गालिचे, बैल, सगळं मागून आणलेलं आहे. माझं चुकलं."

तोच बायकांमधून आवाज आला, "हा शालू माझ्या नणंदेचा!"

"आणि हा कोट माझ्या मेव्हण्याचा!" एक म्हातारबुवा म्हणाले. सगळीकडे हशा पिकला.

राणीलाही हसू आवरेना. "मग तुमचं स्वतःचं आहे तरी काय?"

"ओढा," पाटील म्हणाले. "तेवढा अस्सल आमचा."

राणी उठून ओढ्यावर गेली. पायताण काढून, लुगडं सावरून ती थेट ओढ्यात उतरली. शेवाळावरून तिचा पाय घसरला, तेव्हा सगुणाबाईंनी चटकन हात दिला.

"पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?" तिने विचारलं.

सगुणाबाईंनी काठावरच्या जांभळीकडे बोट केलं. गाळाची खूण खोडावर माणसाच्या डोक्याहून वर होती. राणीने ती खूण नीट निरखून पाहिली. मग तिथेच, पाण्यात उभी राहून तिने हुकूम दिला, "पूल इथे होईल."

प्रधानजी कुरकुरले, "यांनी तर आपल्याला फसवायला पाहिलं!"

"थाट मला गावोगाव दाखवतात," राणी म्हणाली. "सगळ्या गावासमोर आपली चूक कबूल करणारा पाटील आज पहिल्यांदा पाहिला. या माणसाचा शब्द मी खरा मानते."

पाऊस सुरू व्हायच्या आत पूल उभा राहिला. तो पाहायला राणी पुन्हा आली. पाटलांनी तिला पत्रावळीवर पिठलं-भाकरी वाढली. राणीने भाकरी दोनदा मागून घेतली.

तात्पर्य: थाटामाटाने लोकांचे डोळे दिपतात, त्यांचा विश्वास मात्र, आहे तसं समोर उभं राहणाऱ्यालाच मिळतो.