झाकणाच्या कोपऱ्यातला काळा डाग

"डाय मिटली, की आत काय असतं?"

दस्तगीरचाचांनी असं विचारलं आणि वैजयंताला हसूच आलं. सात वर्षं कुपवाडच्या त्या प्लास्टिकच्या कारखान्यात काढलेल्या बाईला हे विचारायचं?

"काय असायचंय? काही नसतं."

चाचांनी हातातलं झाकण तिच्यापुढं धरलं. चौकोनी डब्याचं झाकण, पांढरंशुभ्र. आणि एका कोपऱ्यात काळा डाग, उदबत्तीचा चटका बसावा तसा.

आता असलं झाकण होतं कसं, ते ऐका. साबुदाण्यासारखा प्लास्टिकचा दाणा वरून मशीनमध्ये ओततात. तो तापल्या नळीत उतरतो. आतला स्क्रू फिरत फिरत त्याला मळतो, पार काकवीसारखा करतो, आणि मग कुरडईचा सोऱ्या दाबावा तसा एकच जोर लावून पुढच्या डायमध्ये ढकलतो. डाय म्हणजे पोलादी साचा, दोन भागांचा, टनावारी दाबानं मिटलेला. साच्याच्या अंगातून गार पाणी फिरत असतं, त्यानं माल गोठतो. डाय उघडली की मागचे खिळे झाकण बाहेर लोटतात. तुमचा चहाचा घोट होईस्तोवर एक झाकण तयार.

ही डाय वैजयंताची होती. आधी ती पॅकिंगच्या टेबलावर ब्लेडनं झाकणांच्या कडा तासायची. डाया करणाऱ्या मिस्त्रींच्या, म्हणजे चाचांच्या मागं लागून लागून तिनं कानस हातात घेतली. पाच वर्षं शिकली, आठ महिने ही एक डाय घासली.

त्या कारखान्यात एक रीत होती. ज्यानं डाय केली त्यानं तिच्या पाठीवर, जिथं सहसा कुणाची नजर जात नाही तिथं, आपलं अक्षर ठोकायचं. चाचांचा 'द' चाळीस डायांच्या पाठीवर होता. वैजयंताला एक 'वै' ठोकायचा होता.

पण दोनदा डाय मशीनवर चढवली आणि दोन्ही वेळा कोपऱ्यात माल जळला. नलवडे फोरमननं सकाळीच बजावलं होतं, आज तिसऱ्यांदा जळला तर डाय दुसऱ्या कारागिराकडं आणि बाई परत पॅकिंगला.

त्या दोन खेपांत तिनं आधी दाण्याला दोष दिला. चाचांनी दाणा वाळवून घेतला... डाग तसाच. मग मशीन फार तापतंय म्हणाली. ताप उतरवला... तसाच. दाब वाढवला, तर डागच वाढला.

"डायमध्ये खोट नाही," ती म्हणाली. "निळं लावून बघा."

एका भागाला निळा रंग फासायचा, डाय मिटवायची आणि उघडून बघायचं. दुसऱ्या भागावर रंग उमटला नाही तिथं फट. वैजयंताच्या डायला रंग चारी बाजूंनी अखंड उमटायचा. पतंगाचा कागद आत शिरायचा नाही. चाचांच्या डायांना कोपऱ्यात कुठंतरी रंग तुटायचा, आणि ते तिनं चारचौघांत हसून बोलूनही दाखवलं होतं.

चाचा उठले. तेलाची रिकामी बाटली घेतली, तिच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि मुठीनं गच्च दाबून धरलं.

"ओत."

तिनं तेल ओतलं. तेल नरसाळ्यातच थटलं.

"जोरानं ओत."

तेल काठावरून चाचांच्या हातावर सांडलं. खाली थेंब जाईना. वैजयंतानं वैतागून, घरी स्टोच्या टाकीत रॉकेल ओतताना करायची तसं, दोन बोटांनी नरसाळं जरा उचललं. तेल गटगट खाली गेलं.

तिचे हात तिथंच थांबले...

"आत हवा असते," ती म्हणाली.

"आणि तिला जायला जागा नसली तर?"

"दबत जाते. कोपऱ्यात." तिनं झाकणाचा कोपरा चाचपला. "सायकलचा पंप मारताना त्याचं तोंड तापतं, तशी तापते. आणि माल तिथंच जळतो."

काळ्या डागाचं झाकण त्या दोघांच्या मधे पडलं होतं.

चाचांनी बारीक कानस पुढं सरकवली. "केसाहून पातळ खाच. हवा जाईल, माल जाणार नाही."

"माझ्या डायवर मी ओरखडा ओढणार नाही."

चाचा स्टुलावर बसले आणि हात पुसत राहिले. कानशीकडं बघत वैजयंतानं विचारलं, "तुमच्या डायांना ती फट राहायची, का तुम्ही ठेवायचा?"

चाचांनी कानस आणखी जरा पुढं सरकवली.

तिनं दात आवळले, कानस उचलली आणि आठ महिने घासून आरसा केलेल्या पोलादावर, बरोबर डागाच्या कोपऱ्यात, एक खाच ओढली.

तेवढ्यात नलवडे आला. त्याच्या हातात 'द'चा ठसा होता. गिऱ्हाईक डाय बघायला येणार आहे, म्हणाला, पाठीवर बाईचं अक्षर दिसलं तर हसतील लोक. मिस्त्रींचंच ठोकून टाका. वैजयंताबाईंना काय, लाटणं आहेच.

असलं तो पाच वर्षं बोलत आला होता. दर वेळी ती गिळायची आणि घरी जायची. त्या दिवशीच्या भाकरी हमखास करपायच्या.

तिनं चाचांकडं बघितलं. चाचा हातावरचं तेल पुसत होते.

"चाचा, बोला की."

पुसून झालं तरी ते पुसतच होते...

मग वैजयंता वळली. "नलवडेसाहेब, माल जळला तर मी आपल्या पायांनी पॅकिंगला जाईन, तुम्ही सांगायची गरज नाही. पण जळला तरी डाय माझी, निघाला तरी माझी. कुणाला हसायचं असलं तर माझ्यापुढं उभं राहून हसू दे. आणि लाटण्याचं म्हणाल, तर ते आजपासून तुमच्या तोंडात नको."

तिचा आवाज चढला नव्हता. पण शेजारच्या मशीनवरच्या बायकांचे हात थांबले.

तिनं खिशातून ठसा काढला. आठ महिन्यांपूर्वीच तिनं तो स्वतः कोरून ठेवला होता. डायच्या पाठीवर टेकवला आणि हातोडीचा एकच घाव घातला. 'वै'.

"मिस्त्री," नलवडे म्हणाला, "तुमच्यासमोर उलट बोलतीय ही."

चाचा उठले. खाचेवरून नख फिरवलं. मग पाठीवरच्या अक्षरावरून फिरवलं, जरा सावकाश. नलवडेकडं बघितलंच नाही.

"चढव पोरी डाय," ते म्हणाले. "आता जळायचं नाही काही."