दुसऱ्या पदवीचा संशय

माणूस दारातून आत आला की त्याचा डाव मी ओळखतो. जावई निवडला त्या दिवशी तेवढा चष्मा घरी राहिला होता. मी नववी नापास, तरी तालुक्यातल्या एकुलत्या एका कॉलेजचा अध्यक्ष. परवा पंचेचाळिशीची वैजयंता ढोले बीएस्सीला प्रवेश मागायला आली. बीकॉम आधीच झालेली. मला लगेच डावाचा वास आला.

"बाई, विरोधी गटानं हेर म्हणून पाठवलं काय?"

"वनस्पतिशास्त्र शिकायचंय, अण्णा."

"एक पदवी असताना दुसरी कोण मागतं? खरं कारण सांगा, नाहीतर माझी सही मिळायची नाही."

तिनं माझ्या खुर्चीकडे निवांत पाहिलं.

"मग एकही पदवी नसताना त्या खुर्चीत कसं बसायचं, तेवढं शिकवा. दुसरीचा नाद सोडते."