रुमालाखालचा भाव

आमच्या वडशिंगीच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून किंमत ठरवतात. अलीकडे लांबची गिऱ्हाइकं येईनाशी झाली, बाजार मोडायला आला. तेव्हा शकील मुलाणी या दलालानं सुचवलं, "बैलांचे फोटो इंटरनेटवर टाकू आणि सौदा फोनवर करू."

दलालांचे पुढारी हणमंतअण्णा कडाडले, "म्हणजे आपला भाव साऱ्या मुलखाला कळू द्यायचा? अक्कल गहाण टाकलीस का रं?"

शकीलनं आपला फोन त्यांच्या हातात ठेवला. "अण्णा, खिलारी जोडीचा भाव आत्ताच एकाला लिहून पाठवलाय. तेवढा वाचून दाखवा, मी लगेच माघार घेतो."

अण्णांनी चष्मा चढवला, फोन उलटासुलटा केला, अंगठा दाबून पाहिला. फोन काही उघडेना.

शकीलनं हलकेच आपलं बोट टेकवलं आणि तो उघडला.

"रुमाल वाऱ्यानं तरी उडतो, अण्णा. हा माझं बोट लागल्याशिवाय भाव सांगत नाही."

सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिलो. अखेर ते हसले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

"टाक फोटो," ते म्हणाले, "पण आधी माझ्या जोडीचा!"