पाकोळीची अर्धी टाकी

बंदरातल्या बोटी एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. पाकोळी ही फायबरची नवी बोट पाण्यात उतरली, तेव्हा जुनी सागवानी दर्यावंती हसली. “अगं, तुझं अंग पापडासारखं! लाटेत टिकशील का?” पाकोळी खट्टू झाली.

एके दिवशी मासळीमागे दोघी फार दूर गेल्या. परतताना वारा उलटा फिरला. जड दर्यावंतीचं डिझेल भर समुद्रात संपलं आणि ती खडकांकडे वाहू लागली. हलक्या अंगाच्या पाकोळीची टाकी मात्र अजून अर्धी भरलेली होती.

“आजी, दोर टाक!” ती ओरडली. लाटा अंगावर झेलत तिनं दर्यावंतीला ओढत बंदरात आणलं.

किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला. दर्यावंती म्हणाली, “पोरी, उद्यापासून सगळ्यांच्या पुढे तू निघायचंस.”